अंगठ्याचा ठसा आणि सहा आकडे

‘सावध राहा, कोणालाही ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका.’ बँकेच्या भिंतीवर, पोलीस ठाण्याच्या फलकावर, महाविद्यालयाच्या सूचनाफळ्यावर हा उपदेश आज जळगाव-धुळ्याकडे जागोजागी वाचावयास मिळतो. २०२४ च्या अखेरीपासून काही महिने तर कोणालाही फोन लावला की घंटी वाजण्याआधी हाच उपदेश ऐकावा लागत असे. उपदेश खोटा नाही. कार्यकर्त्यांनीही तो लोकांना सांगितलाच पाहिजे. परंतु एखादी गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते, तेव्हा ती कोणाच्या सोयीची आहे हेही विचारावयास हवे. ‘सावध राहा’ या दोन शब्दांत एक निवाडा दडलेला आहे: फसलात तर दोष तुमचा. बँक निर्दोष, मोबाईल कंपनी निर्दोष, ज्या बाजारात सौदा झाला त्या बाजाराचा मालक निर्दोष. दोषी एकटा तो, ज्याचे पैसे गेले.

हा निवाडा खानदेशाला नवा नाही. कागदावर उठलेला अंगठा दाखवून ‘तूच दिलास ना?’ असे विचारणारा सावकार येथे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेला आहे. त्या अंगठ्याची जागा आता सहा आकड्यांनी घेतली आहे, एवढाच फरक. म्हणून या प्रश्नाकडे केवळ ‘सायबर गुन्हा’ म्हणून न पाहता, अडाणीपणाचा फायदा कोणी घ्यावा आणि नुकसान कोणी सोसावे या जुन्याच प्रश्नाचे नवे रूप म्हणून पाहिले पाहिजे.

लुबाडणुकीची रीत

ऑनलाइन खरेदी-विक्रीतील फसवणुकीच्या हकिगती ऐकल्या, तर त्या दोन-चार ठरीव साच्यांतल्या निघतात. पहिला साचा असा. आपल्या ओळखीच्या माणसाच्या फेसबुक खात्यावरून निरोप येतो. माणूस कोणी परका नसतो. शाळेतले गुरुजी, नातलग किंवा गावचा डॉक्टर असतो. निरोप म्हणतो: ‘माझे एक मित्र केंद्रीय राखीव पोलीस दलात अधिकारी आहेत. त्यांची बदली झाली आहे. घरातले फर्निचर, फ्रीज, दुचाकी स्वस्तात काढावयाची आहे. तुमचा नंबर त्यांना देतो.’ मागाहून ‘अधिकाऱ्या’चा फोन येतो, वस्तूंची छायाचित्रे येतात, ट्रकभाड्यासाठी थोडी रक्कम आगाऊ मागितली जाते. पैसे गेल्यावर कळते की गुरुजींना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांचे खाते कोणी तरी बळकावले होते, किंवा त्यांच्या नावाचे व छायाचित्राचे दुसरे खाते उघडले होते.

दुसरा साचा विकणाऱ्याला फसविणारा आहे. जुनी वस्तू विकण्यासाठी ओएलएक्ससारख्या ठिकाणी कोणी जाहिरात देतो. तासाभरात गिऱ्हाईक फोन करते. बहुधा ते स्वतःला लष्करातला जवान म्हणवते, कारण या देशात वर्दीवर लोकांचा विश्वास आहे. घासाघीस न करता ते भाव मान्य करते आणि म्हणते, ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका.’ पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे विकणाऱ्याच्या खात्यात पैसे यावयाचे ते त्यातून निघून जातात.

तिसरा साचा अलीकडचा आणि अधिक घातक आहे. गावाच्या किंवा भाऊबंदकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाईल येते. तिला नाव लग्नपत्रिकेचे असते, वाहनाच्या दंडाच्या चलानाचे असते, नाही तर पीएम-किसानच्या हप्त्याचे असते. ती उघडून मोबाईलमध्ये बसविली की मोबाईलवर येणारे सर्व संदेश दूर बसलेल्या चोराला वाचता येतात. बँकेचा ओटीपी त्याला मिळतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे खाते दुसऱ्या मोबाईलवर सुरू करण्यासाठी लागणारा सहा आकड्यांचा संकेतही मिळतो. मग तीच फाईल त्या माणसाच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. ज्या ग्रुपवर बैलजोडी, जुना ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या किंवा केळीचा माल यांचे सौदे होतात, त्या ग्रुपवर ती पोहोचली म्हणजे एका माणसाची चूक शंभर घरांत शिरते.

इंग्रजीत या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणतात. म्हणजे गळ टाकणे. परंतु गळाला लावलेले आमिष नेहमी लोभाचेच असते असे समजणे चूक आहे. वरच्या तिन्ही प्रकारांत आमिष विश्वासाचे आहे. गुरुजींवरचा विश्वास, जवानावरचा विश्वास, भाऊबंदांवरचा विश्वास. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा साक्री-शिरपूरच्या बाजारात तोंडी शब्दावर हजारोंचे व्यवहार होतात, ते याच विश्वासावर. ‘अमक्याचा माणूस आहे’ एवढे पुरते. चोराने हेरले आहे ते नेमके हेच. तिजोरी फोडण्याऐवजी तो ओळख चोरतो, आणि मग तिजोरी आपली आपणच उघडतो.

आणखी एक बळी असतो, त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. प्रामाणिकपणे माल विकलेल्या दुकानदाराच्या खात्यात गिऱ्हाईकाने चोरीचे पैसे भरलेले असतात. काही दिवसांनी दूरच्या एखाद्या राज्यातल्या पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे खाते गोठविले जाते. चोरीची रक्कम दोन हजारांची असते, परंतु अनेकदा सबंध खातेच बंद होते. त्याला धड आरोपी म्हणत नाहीत, धड फिर्यादी म्हणत नाहीत. मालही गेला, भांडवलही अडकले.

आकडे काय सांगतात

हे तुरळक प्रकार नव्हेत. केंद्रीय गृहखात्याने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत भारतीयांनी गमावलेली रक्कम २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती; २०२४ साली ती सुमारे २२,८४५ कोटींवर गेली. एका वर्षात तिप्पट. आणि हा आकडा केवळ नोंदविलेल्या तक्रारींचा आहे. तक्रार करण्याच्या व्यवस्थेमुळे २०२१ पासून तोवरच्या साऱ्या काळात वाचविली गेलेली रक्कम ५,४८९ कोटी रुपयांची होती, म्हणजे एकट्या २०२४ सालच्या नुकसानीच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाही.

देशातल्या नागरिकांचा मूर्खपणा एका वर्षात तिप्पट वाढला, असे कोणी म्हणणार आहे काय? वाढला आहे तो व्यवहार. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि कालपर्यंत रोखीने चालणाऱ्या माणसाला सक्तीने मोबाईलवरच्या पैशाकडे ढकलण्यात आले. अनुदान खात्यात, पीकविम्याची रक्कम खात्यात, निराधारांचे मानधन खात्यात. खाते उघडण्याची मोहीम निघाली, तशी खाते सांभाळावयास शिकविणारी मोहीम निघाली नाही. रस्ता बांधून त्यावर वाहने सोडली, पण पादचाऱ्यासाठी पदपथ ठेवला नाही. आणि अपघात झाला की पादचाऱ्याला सांगावयाचे, ‘बघून चालत जा’.

अंगठ्याचा इतिहास

आता जुन्या प्रश्नाकडे वळू. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोख्यांची होळी केली. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, कारण न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवून घेऊन दिवाणी न्यायालयात तोच पुरावा म्हणून मांडला जात होता. न्यायालय म्हणे, ‘अंगठा तुझाच ना? मग कर्ज तुझेच.’ या दंग्यांनंतर परक्या इंग्रज सरकारलासुद्धा १८७९ साली दख्खनमधल्या चार जिल्ह्यांसाठी कायदा करावा लागला. त्या कायद्याने न्यायाधीशास सांगितले की नुसता कागद पाहू नकोस, त्यामागचा सारा व्यवहार उकरून पाहा. आणि शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच झाले पाहिजेत, असेही ठरविले. म्हणजे अंगठा उठला याचा अर्थ संमती दिली असा होत नाही, हे तत्त्व सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या प्रांताच्या कायद्यात आले.

त्याचा दुसरा अध्याय खुद्द खानदेशात लिहिला गेला. शहादा-तळोदा हा भाग त्या काळी धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. तेथील भिल्लांच्या जमिनी कर्जापोटी, फसव्या दस्तांनी आणि धाकदपटशाने दुसऱ्यांच्या नावावर गेल्या होत्या, आणि मूळचा मालक आपल्याच शेतात सालदार झाला होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी जमिनी परत मागितल्या. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. या व राज्यातल्या इतर आदिवासी चळवळींच्या रेट्याने विधिमंडळाला १९७४ साली कायदे करावे लागले. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत बिगर आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी त्यांना परत मिळण्याची तरतूद झाली. वैध म्हणून झालेल्या व्यवहारांतही मूळ मालकाने ठरावीक किंमत हप्त्यांनी भरून जमीन परत घ्यावी, अशी सोय ठेवण्यात आली. महत्त्वाचे म्हणजे कोणी अर्ज केला नाही तरी जिल्हाधिकाऱ्याने स्वतः होऊन चौकशी करावी, असे कायद्यात आले. १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

या कायद्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, अनेकांना जमिनी मिळाल्याच नाहीत, हे आपण जाणतो. तथापि तत्त्व जिंकले. ‘भिल्लाने अंगठा देताना सावध राहावयास हवे होते’ असे विधिमंडळाने म्हटले नाही. दोन पक्ष असमान असतील, तर दुबळ्याच्या अंगठ्याने बलवानाची मालकी सिद्ध होत नाही, असे म्हटले. आज ओटीपीच्या बाबतीत आपण हेच तत्त्व मागत आहोत. त्यात नवे काही नाही.

फी घेईल तो जबाबदार

बाजाराच्या बाबतीतही आपल्याकडे एक जुना धडा आहे. खानदेश हा कापसाचा मुलूख. काट्यात मारणे, वाटेल ती कटौती लावणे, रुमालाखाली भाव ठरवून शेतकऱ्याला अंधारात ठेवणे या गोष्टी येथे नित्याच्या होत्या. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांसाठी कायदा झाला, आणि पुढे १९६३ च्या राज्य कायद्याने कृषी उत्पन्न बाजार समित्या आल्या. त्यांचे मूळ सूत्र साधे होते: बाजाराला आवार असेल, व्यापाऱ्याला परवाना असेल, वजन तपासलेले असेल, लिलाव उघड असेल, आणि जी संस्था बाजार फी घेते तिने या सगळ्याची हमी घ्यावी. या समित्या नंतर कोणाच्या ताब्यात गेल्या आणि तेथे काय चालते, यावर या पानावर टीका करणे योग्यच आहे. परंतु ती टीका आपण करू शकतो, कारण जबाबदार कोण हे तेथे ठाऊक असते. गुरांच्या बाजारातसुद्धा बैल विकला की पावती फाडली जाते, तीवर देणाऱ्या-घेणाऱ्याची नावे असतात.

ऑनलाइन बाजाराचे तसे नाही. तेथे फी आहे, पण ती दिसत नाही. जाहिरातीच्या रूपाने आणि आपल्या खासगी माहितीच्या रूपाने ती रोज वसूल होते. आवार आहे, पण दारावर कोणी नाही. परवाना नाही, आज बंद केलेले खाते उद्या दुसऱ्या नावाने उघडता येते. आणि तक्रार घेऊन गेले तर मालक म्हणतो, ‘आम्ही केवळ मध्यस्थ.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने अशा मध्यस्थाला संरक्षण दिले आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल काही अटींवर त्याला जबाबदार धरता येत नाही. मोफत बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी असे संरक्षण असावे, याविषयी समाजवाद्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पैसे घेऊन छापलेली जाहिरात म्हणजे कोणा नागरिकाचे भाषण नव्हे; तो मालकाचा धंदा आहे.

हा धंदा किती मोठा आहे, याचा अंदाज नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या वृत्तावरून येतो. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत असा अंदाज बांधलेला आढळला की २०२४ च्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे सुमारे १,६०० कोटी डॉलर, फसव्या व निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल. जाहिरातदार फसवा आहे अशी ९५ टक्के खात्री झाल्याशिवाय त्याला बंदी घातली जात नसे, असेही त्या वृत्तात होते. कंपनीने हा अंदाज ढोबळ व फुगलेला असल्याचे म्हटले. तो निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच: चोरीच्या मालावर दलाली घेणाऱ्याला आपण गावात काय म्हणतो?

दार बंद करता येत होते

‘तंत्रज्ञानच असे आहे, काय करणार?’ या सबबीत किती तथ्य आहे, हे गेल्या वर्षीच्या घडामोडींनी दाखवून दिले. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. त्यात एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय होती. जुन्या वस्तूंच्या विक्रीतले कित्येक लोक याच सोयीतून लुटले गेले. ‘मागणी’ला ‘जमा’ समजून त्यांनी पिन टाकला. वर्षानुवर्षे त्यांना सांगण्यात आले की तुम्ही नीट वाचावयास हवे होते. अखेरीस राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोयच बंद केली. एका परिपत्रकाने दार लागले. पैसे पाठविताना समोरच्याने स्वतः ठेवलेले नाव नव्हे, तर बँकेत नोंदलेले नाव दिसावे, हा नियम जून २०२५ च्या अखेरीस आला. बँकांच्या संकेतस्थळांची खरी-खोटी ओळख पटावी म्हणून सर्व बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती.

हे तिन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हे दार बंद करणे संस्थांच्या हाती होते, नागरिकांच्या नव्हते. मधल्या नऊ वर्षांत जे त्या दारातून लुटले गेले, त्यांचे पैसे मात्र कोणी परत केले नाहीत. कारण नुकसान त्यांचे होते, संस्थेचे नव्हते. ज्याचे नुकसान होत नाही त्याला कुलूप लावण्याची घाई नसते. सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो.

भरपाईचा मुद्दा

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक चांगली गोष्ट केली. ग्राहकाने न केलेला व्यवहार त्याच्या खात्यावर झाला, चूक त्याची किंवा बँकेची नसून तिसऱ्या कोणाची असली, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत त्याने कळविले, तर त्याच्यावर काहीच बोजा पडू नये, असे तिने सांगितले. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकला. त्याच वर्षी सहकारी बँकांनाही असेच नियम लावण्यात आले. पण त्याच परिपत्रकात एक वाट मोकळी राहिली: ग्राहकाने स्वतःच संकेत सांगितला असेल, तर तो निष्काळजीपणा समजावा आणि बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. फसवून सांगावयास लावले आणि आपण होऊन सांगितले, यांत फरकच उरला नाही. आणि लुबाडणुकीचा बहुतेक कारभार तर या ‘फसवून घेतलेल्या संमती’वरच चालतो.

हा फरक इतर देशांनी ओळखला आहे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांवर असे बंधन घातले की ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठविले असले, तरी ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम त्याला परत करावी. आणि तिचा भार पाठविणारी बँक व चोराचे खाते सांभाळणारी बँक यांनी निम्मा-निम्मा सोसावा. या दुसऱ्या अटीतच खरी मेख आहे. चोराचे पैसे शेवटी कोणत्या तरी बँकेतल्या खात्यातच जातात. ते खाते कागदपत्रे न तपासता उघडले गेले, त्यात एका दुपारी लाखो रुपये येऊन गेले, तरी त्या बँकेला आज भारतात त्याची फारशी झळ पोहोचत नाही. झळ पोहोचली म्हणजे डोळे उघडतात. सिंगापूरने डिसेंबर २०२४ पासून मोबाईल कंपन्यांनाही या जबाबदारीत ओढले आहे.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. ब्रिटनने यावरही उपाय केला आहे: पहिल्या १०० पौंडांपर्यंतचा भार बँक ग्राहकावर ठेवू शकते, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाई नाकारता येते, असहाय ग्राहकांना मात्र या दोन्ही अटी लागू नाहीत. शिवाय ज्याने वर्षाची कमाई गमावली आहे, पोलीस ठाण्यात अपमान सोसला आहे, घरात तोंड दाखविण्याची ज्याला लाज वाटते आहे, तो भरपाईच्या आशेने पुन्हा फसून घेईल, हा तर्क पगारी माणसाच्या खुर्चीत बसूनच सुचू शकतो. लहान सहकारी बँकांना हा बोजा झेपणार नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की भरपाईचा निधी सामाईक असावा, आणि त्यात व्यवहाराच्या आकारमानाप्रमाणे मोठ्या बँका, पैसे पाठविण्याच्या सेवा चालविणाऱ्या कंपन्या, मोबाईल कंपन्या व ऑनलाइन बाजारांचे मालक या सर्वांनी भर घालावी. जिल्हा बँकेच्या माथी सगळे मारावे, अशी आपली मागणी नाही.

चोर कोण?

चोराविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्याची तरफदारी करावयाची नाही; विधवेचे मानधन लुटणारा माणूस क्रांतिकारक नसतो. परंतु साखळीच्या तळाशी जे सापडतात, ते बहुधा बेकार तरुण असतात. त्यांनी काही हजारांसाठी आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरावयास दिलेले असते. पोलिसांच्या हाती पहिला तोच लागतो, कारण नाव त्याचे, पत्ता त्याचा. वरचा धनी दूर असतो. कधी तो देशाबाहेर असतो: म्यानमारमधील अशा अड्ड्यांतून मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने ५४९ भारतीयांना विमानांनी परत आणले. नोकरीचे आमिष दाखवून त्यांना तेथे नेले होते आणि जबरदस्तीने लोकांना फसविण्याच्या कामाला लावले होते. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना फसलेलाच माणूस, आणि नफा मधल्यांचा. कापड गिरण्या बंद पडल्या, शेती परवडेनाशी झाली आणि पदवीधर मुलगा घरी बसला, तर त्याचे खाते भाड्याने मागणारा दलाल दारात उभा राहणारच. आपल्या तरुणांना हे स्पष्ट सांगावयास हवे की खाते भाड्याने देणे हा अपराध आहे आणि तुरुंगात तुम्ही जाल, दलाल नव्हे.

आपले काम

या विवेचनातून पक्षाच्या मागण्या निघतात त्या अशा. फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व बँकिंगच्या नियमांत यावे आणि ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई बंधनकारक व्हावी. चोराचे खाते सांभाळणाऱ्या बँकेने तीत वाटा उचलावा. पैसे घेऊन छापलेल्या फसव्या जाहिरातीस ७९ व्या कलमाचे संरक्षण मिळू नये. बळकावलेले खाते मूळ मालकास परत देण्याची मुदत ठरवून द्यावी, आणि तक्रार मराठीत, माणसाशी बोलून करता यावी. आज ती इंग्रजीत यंत्राशी करावी लागते. निरपराध विक्रेत्याचे खाते सबंध न गोठविता केवळ वादातील रक्कम अडवावी, व ती सोडविण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. शिरपूरच्या माणसाला त्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर धुळ्यास खेटे घालावे लागू नयेत.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे नाही. अशा प्रकारात पहिला तास निर्णायक असतो, कारण चोर काही मिनिटांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवितो. प्रत्येक शाखेने दोन कार्यकर्ते या कामासाठी नेमावेत. फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर फोन करणे, व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवणे, बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घेणे, आणि तीन कामाच्या दिवसांची मुदत चुकू न देणे, एवढे त्यांना आले पाहिजे. पोलीस ठाण्याने ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हटले, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे हद्दीचा विचार न करता फिर्याद घेणे भाग आहे, हे त्यांनी शांतपणे दाखवून द्यावे. खाते बळकावले गेले असेल, तर त्या माणसाच्या सर्व ग्रुपांवर ताबडतोब दुसऱ्याच्या फोनवरून इशारा द्यावा. सभेच्या शेवटी दहा मिनिटे काढून प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा आकडा घालून द्यावा. पोळ्याच्या आधी गुरांच्या बाजारात आणि कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या दारात अशी शिबिरे घेता येतील.

आणि एक काम नियमांच्या पुस्तकात नसलेले. फसलेला माणूस आपल्याकडे येतो तेव्हा तो आधीच खाली मान घालून येतो. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न त्याला आपण विचारावयाचा नाही. शहाद्याच्या भिल्लाला असे विचारणारे त्या वेळीही पुष्कळ होते. ज्यांनी तसे न विचारता त्याच्या शेजारी बसून दस्तऐवज वाचून दाखविले, त्यांच्यामुळेच पुढचा कायदा झाला. तक्रार लिहिण्यासाठी कागद-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसावे. नाव, तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक. अशा शंभर तक्रारी जळगाव आणि धुळे येथे एकत्र झाल्या, की त्या एकेकट्याच्या चुका राहणार नाहीत. त्यांचे एक मागणीपत्र होईल.